दादाची सही

तपासणीच्या प्रयोगशाळेत त्याला सगळेच दादा म्हणत, कारण त्याची सख्खी धाकटी बहीण तिथंच कामाला होती आणि ती दादा म्हणायची. बावीस वर्षं त्यानं गांजा पकडला तो साध्या काचनळीत. संशयिताची बोटं धुतलेलं पाणी घ्यायचं, त्यात औषधं टाकायची आणि जांभळा रंग चढतो का बघायचं. बहिणीला हे हात धरून शिकवलं त्यानंच. आणि आता? तिला नवंकोरं यंत्र, गार खोली, अन् साहेब येता-जाता तिच्याच दारात. दादाच्या पोटात दुखायचं. दुखतं हे तो स्वतःशी कबूलही करायचा, उगाच सोज्वळपणाचा आव कशाला!

अशात एका बसचालकाचं प्रकरण आलं. गांजा ओढून बस चालवतो, या संशयावरून त्याला घरी बसवलं होतं. अहवाल गेले की नोकरीचा निकाल. बोटांचं पाणी जांभळं झालं, तसं दादानं सवयीनं ठोकून दिलं, 'गांजाचं सेवन केलं आहे.' मग बहिणीनं चालकाचे केस यंत्रात तपासले. तिच्या अहवालावर पहिल्या तपासनिसाची, म्हणजे दादाचीच सही लागणार होती.

दादा चूक शोधायलाच बसला. एक सापडू दे, मग उतरवतो हिचा तोरा! चारदा आकडे पाहिले. केसांवर गांजाचा अंश होता, पण गांजा अंगात भिनल्यावर शरीर जो पदार्थ तयार करतं, त्याचा मागमूस नव्हता. माणूस नुसता दुसऱ्याच्या धुरात बसला असेल, नाहीतर पुडी हाताळली असेल. नुसत्या रंगावरून सेवन लिहायचं नाही, हे बहिणीला पहिल्याच आठवड्यात बजावणारा हाच. त्याचं तोंड एवढंसं झालं.

सही अडवली तर? त्यानं वीस मिनिटं पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग उठून तिच्या खोलीत गेला.

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही दादा. तुझा अहवाल तूच दुरुस्त कर. माझ्या अहवालावर मी अजून तारीख टाकलेली नाही."

म्हणजे कागदावर दादाची दुरुस्ती आधीची दिसणार, यंत्राचा अहवाल नंतरचा. दादानं खोडलं, नवं लिहिलं, सही केली. चालक कामावर परतला. स्वतःची चूक स्वतः शोधणारा माणूस म्हणून साहेबांनी चारचौघांत दादाची पाठ थोपटली. बहीण मागं उभी राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

यंत्राचं एक वेळ त्यानं सोसलं असतं. पण मोठेपणाही तिनंच दाखवावा आणि शाबासकी आपण घ्यावी, हे त्याला काही केल्या सोसेना.