सामानापाशी कोण बसणार?

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनला उतरलो तेव्हा माझी कंबर पार कामातून गेली होती. कोल्हापूरहून सोलापूरपर्यंत एसटी, मग रात्रभर रेल्वे, तीही चार तास उशिरा. आणि पंचाहत्तरीची आमची आई मात्र टुणटुणीत! प्लॅटफॉर्मवरच विचारते, "खेळ सुरू झाला असेल का गं?"

इथल्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. पाहुण्यांच्या चार विकेट उरलेल्या, म्हणजे जेवणापर्यंत खेळ खल्लास. आईने जन्मभर क्रिकेट रेडिओवर ऐकलं, टीव्हीवर पाहिलं, पण स्टेडियममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. वडील माझ्या भावांना घेऊन जायचे. हिला कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. म्हणून यंदा हट्टाने दोन तिकिटं काढली होती.

रिक्षाने थेट चेपॉक गाठलं. शंभरी ओलांडलेलं ते मैदान, समुद्राचा खारा वारा, आणि आतून अशी आरोळी उठली की मी कंबरबिंबर विसरले. धावतच गेटवर गेलो. पोलिसाने आमच्या दोन फुगलेल्या बॅगा पाहिल्या, दशम्यांचा डबा पाहिला आणि हात आडवा केला. सामान आत चालत नाही. स्टेशनवर सामान ठेवायची सोय असते हे मला तेव्हा आठवलं. अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! परत जाऊन येईपर्यंत सामना आटोपला असता.

वळून पाहते तर आई फूटपाथवर, बॅगेवर पदर सावरून बसलेली. "जा तू. मी बसते सामानापाशी."

देवळात, जत्रेत, लग्नाच्या हॉलमध्ये, ही बाई कायम सामानापाशी. माझं टाळकंच सरकलं. "ऊठ आधी! इतक्या लांब तुला बॅगेवर बसवायला आणलंय का मी?"

"अगं, पण एकटी कशी जाऊ? इथली भाषा तरी येते का मला?"

रांगेतल्या एक आजी वळल्या. इथल्याच मैलापूरच्या, मूळ तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनमधून तमिळ, पण आईला पुरेसं कळलं. त्यांनी सरळ तिचा हात धरला. दहादा मागे बघत आई आत गेली.

मी बॅगेवर बसले. बसले कसली, आरोळी आली की उठत होते. शेजारचा चहावाला मोबाइलवर सामना बघत होता, तो मला बोटं दाखवायचा. तीन उरल्या. दोन. मी तर नाचायचीच बाकी होते! मग मात्र राहवेना. आई घाबरली असेल, ऊन लागलं असेल. फोन लावला. बराच वेळ वाजला.

"काय गं?" गोंगाटातून आई ओरडली.

"बरी आहेस ना? पाणी प्यायलीस का?"

"ओव्हर चालू असताना कसले फोन करतेस? ठेव!"

आम्ही हाक मारली की हातातलं टाकून धावत येणाऱ्या आमच्या आईने माझा फोन खाडकन बंद केला. फूटपाथवर बसून मी हसत सुटले, आणि हसता हसता मला रडू फुटलं.