पहिल्या मजल्यावरची ओल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. पंधरा वर्षं झाली कारखान्यांचं फ्लोअरिंग करतोय, जमिनीत काय असतंय ते मला ठाऊक. तरी हे लिहितोय... पोटात राहिना म्हणून.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. एमआयडीसीत केळीच्या वेफर्सचा कारखाना, केळी अर्धापूरची. मालकाला नवं फ्लोअर हवं होतं. मी इपॉक्सीचा थर सांगितला — चकचकीत अन्‌ स्वस्त. मग नांदेडहून माझा साडू आला, मिलिंद. माझ्याच हाताखाली शिकलेला! त्यानं तळणीवरच्या बायकांना विचारलं, फरशी धुता कशानं? त्या म्हणाल्या, पाणी कुठंय दादा, दोनच बादल्या मिळतात, म्हणून उकळतं ओततो, तेल तरी निघतं. मिलिंद मालकाला म्हणाला, उकळत्या पाण्यानं इपॉक्सी तडकतं, पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा जाड थरच पाहिजे, तो उष्णता सोसतो. काम त्याला मिळालं.

मला हे सुचलं नव्हतं, याचाच जास्त राग. त्यात बायको जेवताना बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक करायची. लई जळलो, खोटं कशाला बोलू.

फ्लोअर टाकण्याआधी कोब्यावर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवतात. दुसऱ्या दिवशी खाली थेंब दिसले तर कोब्यात ओल आहे, वरचं फ्लोअर फुगणार. मिलिंदनं कागद लावला अन्‌ आई आजारी पडली म्हणून नांदेडला गेला. सकाळी फोन आला, "साडूभाऊ, कागद उचलून बघता का? ओल असंल तर थांबतो."

उचलला. खाली दाट थेंब! आजूबाजूचे सगळे बोअर कोरडे, वर पत्र्याचं छत, पाणी यायला वाटच नाही... मी खिशातल्या रुमालानं थेंब पुसले अन्‌ फोनवर सांगितलं, "कोरडं ठणठणीत हाय. खुशाल टाका."

मग फुगे यायची वाट बघत बसलो. दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून तिथं चक्कर मारायचो. एक फुगा आला नाही.

फुगा आला माझ्या ऑफिसात. पहिला मजला, खाली मोबाइलचं दुकान, बिल्डिंगच्या नळाला तीन महिने पाणी नाही. मी स्वतः केलेलं इपॉक्सी, सहा वर्षं टिकलेलं. फुगा बरोब्बर त्या कागदाएवढा. ब्लेडनं कापला तर आत गार पाणी. खालच्या दुकानाचं छत कोरडं. प्लंबर आला, डोकं खाजवून गेला.

मिलिंदला कळलं तसा तो नांदेडहून आला. मजुरीचं नाव काढलं नाही. तेवढा तुकडा खरवडला, सुकवला, वर कागद चिकटवला अन्‌ म्हणाला, "उद्या तुम्हीच उचला अन्‌ सांगा. तुमच्यावर भरोसा हाय."

ते पाणी कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. मिलिंदला मी फोनवर अजून टाळतोय. कागद तसाच चिकटलेला आहे. माझ्यानं उचलवत नाही.