अभिमनने बादली लाथाडली

बायको गेल्यावर बोदवडच्या लोटन आबांनी अभिमनला एकट्याने वाढवलं. पोरगा तापट, पण कामाला चलाख. भुसावळच्या इंजिनशेडमध्ये तो लागला, तेव्हा आबांनी गल्लीभर गूळ वाटला.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी स्टेशनवरचा पोर्टर हाशम धापा टाकत शेतात आला. मास्तर जेवायला गेलेले, म्हणून शेडच्या अँग्लो-इंडियन फोरमनचा फोन त्यानेच घेतला होता. साहेब म्हणाला, अभिमन हॅज किक्ड द बकेट, बापाला पाठव. हाशमला किक ठाऊक होतं, बकेटही ठाऊक होतं.

"आबा, अभिमननं साहेबाची बादली लाथाडली. तुमाले बलावलं."

आबांचं डोकंच फिरलं. आता नोकरी जाणार! ते बाजारात गेले, नवी बादली घेतली, तीत साहेबासाठी केळ्यांची फणी ठेवली. त्या नादात गाडी चुकली. पुढच्या गाडीत पोराला काय काय सुनवायचं ते मनाशी घोकत, त्याला शिव्या घालत ते भुसावळला पोचले.

शेडमध्ये शिरताच त्यांनी हात जोडून पोराबद्दल माफी मागितली.  धनसिंग कारकुनाने त्यांना बाकावर बसवलं आणि खरं सांगितलं. सकाळी डबे जोडताना अभिमन मध्ये सापडला होता. जागीच गेला.

"मंग बादली कोनती?" आबांनी विचारलं.

धनसिंगने मान खाली घातली. "इंग्रजीत मेला म्हणायची ती एक तऱ्हा आहे, आबा. आपण गचकला म्हणतो ना, तशी. जवळच्या माणसाला तसं सांगत नाहीत. परक्याबद्दल सहज बोलतात, थट्टेतसुद्धा."

आबांनी नवी बादली बाकाखाली सरकवली.

"माह्या पोराबद्दल बोलताना साहेब हसला का?"

 धनसिंग आबांना धरून अभिमनकडे घेऊन गेला.

हाशमने त्यानंतर आबांना तोंड दाखवलं नाही. तेरावं झाल्यावर आबाच त्याच्या दारी गेले. त्याच्या बायकोने, ताजबीने, बाज टाकली. हाशम उंबऱ्यातच रडू लागला.

"तुही काय चूक?" आबा म्हणाले. "तुह्यामुळं माहा अभिमन एक दुपार जास्त जगला. मीच ती त्याले शिव्या देन्यात घालवली."

हाशम येऊन त्यांच्या पायाशी बसला. आबांनी त्याला ओढून बाजेवर घेतलं.