लिफ्टमधली आई

आज सोसायटीच्या लिफ्टला कामगार ग्रीस लावत होते. त्या वासासरशी पुण्यातलं माझं पहिलं भाड्याचं घर आठवलं. नोकरी नवी होती, घरात फक्त गादी आणि शेगडी. शिनोलीहून आई पहिल्यांदाच आली होती. तिला लिफ्टमध्ये उभं करून मी तांदळाची पिशवी उचलायला वळले, तेवढ्यात दार मिटलं. लिफ्ट वर गेली आणि दोन मजल्यांच्या मध्येच अडकली.

मी जिन्यानं धावत वर गेले. बंद दाराला तोंड लावून रडतच म्हणाले, "आई, माणूस येतोय."

आतून आवाज आला, "मी कशाला भिऊ? तूच बस जरा खाली. आपली म्हैस व्याली. रेडी झालीय, लई गुणाची हाय."

अर्धा तास ती म्हशीचं, भातलावणीचं बोलत राहिली. माझं रडं थांबलं.

दार उघडलं तेव्हा ती कोपऱ्यात बसली होती. हात थंडगार पडले होते. "उकाडा लई व्हता आत," एवढंच म्हणाली.

पुढे ती दर वेळी पाच मजले जिन्यानंच चढायची. "गुडघे मोकळे व्हतात," म्हणायची. आणि मी ते खरं मानत राहिले.