शिरीष तळ्यावर राहून आला

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, एवढाच माझा विश्वास. असले गूढ अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले आणि बहुतेक लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात ‘आधी ताप मोजा’ असं सुचवत आले. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. तसा राग बऱ्याच गोष्टींचा आहे... त्यात ही एक.

तेव्हा आम्ही मस्कतला, अल हैलमध्ये राहत होतो. साल २०१५ असेल. मी मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये होते. माझा नवरा शिरीष सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स इंजिनिअर. आठवडाभर तो तिथेच कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. मुलगी इरा आठवीत.

शिरीषची वार्षिक रजा कधीच आमची नव्हती. ती त्याच्या मोठ्या भावाची असायची. एका वर्षी दादांच्या पुण्याच्या फ्लॅटमधली गळती, एका वर्षी त्यांच्या मुलीची ॲडमिशन, एका वर्षी नुसतंच “सगळे जमतोय, तूच नसशील तर कसं दिसेल”. दरवर्षी आम्ही बॅगा भरून जायचो आणि इरा एका खोलीत कानात इयरफोन घालून सुट्टी संपायची वाट बघायची.

त्या वर्षी मात्र शिरीषने काहीतरी वेगळंच डोक्यात घेतलं. फिनलंडला जायचं. कुओपिओ शहराच्या वरच्या भागात जंगलात एक तळं आहे, त्याच्या काठावर लाकडी केबिन, तिथे आठवडाभर राहायचं. शहर नाही, मॉल नाही, नातेवाईक नाहीत. केबिनची मालकीण हेल्वी नावाची वयस्कर बाई होती. शुक्रवारी नाश्ता झाला की डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून आम्ही तिच्याशी स्काइपवर बोलायचो. तीही मोडकं इंग्लिश बोलायची, आम्हीही. ती फोन हातात धरून चालत जाऊन आम्हाला सगळं दाखवायची... झाडं, लाकडाचा ढीग, पाण्यात गेलेला छोटा धक्का, त्याला बांधलेली लाल होडी.

जेवायला काय आहे हेसुद्धा मला कधी न विचारणारा हा माणूस तिला प्रश्नांवर प्रश्न विचारायचा. चुलीत कुठलं लाकूड जळतं, वारा कुठून येतो, होडी गळते का. बाहेर डांबर वितळेल असं ऊन आणि हा घरात खुर्चीच्या पाठीला पायजम्याची नाडी बांधून होडीची गाठ शिकतोय! इरा हसायची, आणि तोही हसायचा. इतकं हसताना मी त्याला लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या आधी दादांचा फोन आला. त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती, भाड्याच्या घरात सामान हलवायचं होतं. परक्या माणसांच्या भरवशावर घर सोडणार नाही म्हणाले, आणि शिरीषला रजा आहेच. शिरीष “हो दादा, हो दादा” म्हणत राहिला. फोन ठेवला आणि उभ्या उभ्याच हेल्वीला कॅन्सल केल्याचं कळवून टाकलं.

मी खूप भांडले. इरा जेवली नाही. तो एवढंच म्हणाला, “पुढच्या वर्षी. इन्शाल्ला.” सोहारला त्याचा सुपरवायझर न होणाऱ्या कामाबद्दल म्हणायचा, त्याच सुरात.

पुण्याला गेलो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष अंग दुखतंय म्हणून दादांच्या अर्ध्या रिकाम्या बेडरूममध्ये गादीवर आडवा झाला, तो जवळजवळ आठवडाभर उठलाच नाही. हाक मारली की डोळे उघडायचा, पेज प्यायचा, मी धरून बाथरूमला न्यायचे, परत झोप. डॉक्टर घरी येऊन गेले, व्हायरल म्हणाले. मला ते पटलं नाही, कारण ताप नव्हताच. उलट अंग गार लागायचं. रक्त तपासून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल. मी त्याच्या उशाशी बसून होते आणि बाहेर दादा पॅकर्सच्या माणसांना सांगत होते की भाऊ परदेशातून झोपायला आलाय. म्हणजे शेवटी पॅकर्स बोलावलेच होते त्यांनी.

एका दुपारी त्याचे हात पुसताना पाहिलं, तर दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी फोड आले होते. टम्म फुगलेले, एक फुटलेला. ज्या माणसाने एक खोकं उचललं नव्हतं, त्याच्या हातांवर. मी मलम लावलं. ॲलर्जी असेल, असं स्वतःला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

मग एका सकाळी तो नेहमीसारखा उठला, चहा प्यायला, दाढी केली. बाकीची रजा दादांच्या नव्या घरात पडदे लावण्यात गेली.

मस्कतला परतल्यावर, ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी लॅपटॉपवर स्काइपची रिंग वाजली. हेल्वी. मला वाटलं, पुढच्या वर्षाचं विचारायला केला असेल. शिरीष माझ्या शेजारीच बसला होता. त्याला कॅमेऱ्यात बघून ती ओळखीच्या माणसाला बघून हसावं तशी हसली आणि म्हणाली, बरं झालं, सुखरूप पोचलात. त्या दिवशी सकाळी न सांगताच निघून गेलात, मला काळजी वाटत होती.

मी म्हटलं, बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आम्ही कॅन्सल केलं होतं. ती म्हणाली, हो, तसं कळवलं होतं, पण मग ठरलेल्याच आठवड्यात हे एकटेच आले ना. केबिन रिकामीच होती, मी किल्ली दिली. दिवसभर होडीतच असायचे. पोहतातही छान.

शिरीषला पोहता येत नाही. अल हैलच्या समुद्रात तो घोट्यापलीकडे कधी गेला नव्हता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो दचकेल, हसेल, काहीतरी म्हणेल असं वाटलं. तो स्क्रीनजवळ वाकला आणि हळूच इंग्लिशमध्ये विचारलं, “जाताना मी होडी नीट बांधली होती ना?”

बांधली होती म्हणाली ती. तुमच्याच त्या गाठीने. अजून तशीच आहे, मी सोडली नाही.

इरा मागे उभी होती. कॉल संपल्यावर तिने मला विचारलं, “आई, बाबा... बाबा वेंट विदाउट अस?”

मी लॅपटॉप मिटला. शिरीष उठून आत गेला. त्या दिवशी आणि नंतरही मी त्याला नाना परीने विचारलं. चिडून, रडून, गोडीने. दरवेळी तो म्हणायचा, मला काही माहीत नाही. मग ते होडीचं का विचारलंस? तर म्हणे, सहज तोंडात आलं.

मैत्रिणी म्हणाल्या, ती बाई म्हातारी आहे, दुसरा कुणी इंडियन पाहिला असेल. कुणी म्हणालं, तो गुपचूप जाऊन आला असेल. कसा जाईल? व्हिसा काढलाच नव्हता. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता आणि तो स्वतः माझ्या डोळ्यांसमोर गादीवर होता. त्याला चमच्याने पेज मी भरवत होते. मी!

पण खरा राग ह्याचा नाहीच. पुढच्या उन्हाळ्यात मीच ठरवलं की जायचं. दादांना मीच फोन करून सांगितलं की ह्या वर्षी येणार नाही, आणि काय ऐकायचं ते ऐकून घेतलं. मग जेवताना शिरीषला म्हटलं, हेल्वीला विचारून तारखा पक्क्या करते.

तो ताटातून वर न बघता म्हणाला, “तू आणि इरा जाऊन या. माझं झालंय बघून.”

आम्ही गेलो नाही. इरा आता कॉलेजला आहे, आम्ही पुण्याला परत आलोय. शिरीष वेळेवर उठतो, जेवतो, दादांकडे जाऊन बसतो. कशाबद्दल तक्रार नाही, कशाची हौस नाही. कुठे जायचं म्हटलं की चल म्हणतो, आणि नाही म्हटलं तरी चालतं.

ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कुणी दिलं तरी आता त्याचा उपयोग नाही. हेल्वीने त्या कॉलवर बोलता बोलता सांगितलेलं एक वाक्य मात्र मला अजून टोचतं. ती म्हणाली होती, तुमचे मिस्टर किती आनंदी माणूस आहेत हो. तुम्ही नशीबवान.