बानाबाईंनी कोंबड्या बसवल्या

मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत बानाबाई राहायला आल्या, त्याच दिवशी मी ओळखलं की आपलं शांत आयुष्य संपलं. गंगापूरकडच्या धनगराची ही बाई. मेंढरं विकली, मुलगा हनुमान शेंद्र्याच्या कंपनीत लागला, आणि त्याच्यामागं या शहरात आल्या. हातात काठी, खांद्यावर घोंगडं आणि राखायला काहीच नाही! माणसानं किती दिवस नुसतं सुनेलाच राखायचं? मग त्यांनी कोंबड्या घेतल्या.

कोंबड्या गल्लीभर उकरत सुटल्या आणि घरमालक रामप्रसाद भडकले. इथल्या सगळ्याच खोल्या त्यांच्या. "कोंबड्या बाजारात नेऊन विका, नाय तर खोली सोडा," असं त्यांनी हनुमानला बजावलं. हनुमान मान डोलावून मोकळा झाला. बानाबाई मात्र दारातच कोंबड्या मोजत बसल्या. दुसऱ्यांदा कळप विकायचा म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

आता मालकांचंही एक दुखणं होतं. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांना गुलाब हवा होता, आणि तिथं होता नुसता मुरूम. लावलेलं प्रत्येक रोप माना टाकायचं. बानाबाई सरळ त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मालक, आमच्याकडं शेतात मेंढरं बसवत्यात. रातभर कळप बसला की लेंडीखतानं रान सुधरतं. तुमच्या रानात मी कोंबड्या बसवते. गुलाब जगला तर राहू द्या, नाय जगला तर मीच बाजारात नेते."

मालकांना हसू आवरेना, पण गुलाबाचा मोह वाईट. ते हो म्हणाले.

आता कोंबड्या टोपलीत घालून न्याव्यात की नाही? छे! कळप कधी टोपलीतून जातो का? मेंढरांत पुढच्या एडक्याच्या गळ्यात घंटा असते आणि बाकीची मुकाट त्याच्यामागं चालतात, म्हणून बानाबाईंनी आपल्या कोंबड्याच्या गळ्यात घंटा बांधली, घोंगडं सावरलं आणि "हर्र्र" केलं. घंटा वाजली. आपल्या गळ्यात हे काय वाजतंय ते कोंबड्याला कळेना. तो जीव घेऊन पळाला, आणि मागं त्याच्या सगळ्या कोंबड्या दाही दिशांना! एक इस्त्रीवाल्याच्या टेबलावर, एक उभ्या रिक्षात, आणि कोंबडा थेट शेजारच्या नजमाच्या स्वयंपाकघरात.

"या अल्ला! दावत को खुद चलके आया रे ये तो!" नजमा ओरडली आणि हसून हसून खालीच बसली.

मग काय, अख्खी गल्ली धावली. माझे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी हातगाडीखालची कोंबडी मीच पकडली, हे इथं सांगून ठेवते. शेवटी ज्याच्या-त्याच्या कडेवर एकेक कोंबडी, पुढं नजमाच्या काखेत घंटेसकट कोंबडा, अशी आमची वरात मालकांच्या मागल्या दारी पोचली. खुद्द मालकांच्या हातात दोन होत्या.

तिथं जाळी बांधून आम्ही घराघरातली भाजीची देठं, कडुलिंबाचा वाळका पाला, रसवंतीचा चोथा टाकू लागलो. कोंबड्या दिवसभर उकरायच्या, खायच्या, आपलीही भर घालायच्या. बानाबाई वर पाणी शिंपडायच्या. ढीग हळूहळू बसला, काळा भुसभुशीत झाला, आणि वास म्हणाल तर नुसता मातीचा. चांगला मुरू दिल्यावर ते खत मुरमात कालवलं आणि मालकांनी जाळीबाहेर गुलाब लावला.

आणि उगवलं काय? भोपळा! त्यामागं टमाटे. आमच्याच घरच्या बिया सगळ्या. वेल भिंतीवर चढला, मालकांच्या स्कूटरवर चढला, गुलाब दिसेनासा झाला.

"माझा गुलाब कुठंय?" मालक लालबुंद.

बानाबाई तडक वळल्या. घरातून सुतळी घेऊन आल्या, कोंबड्यांचे पाय बांधायला. मला फार वाईट वाटलं.

मालक पानांत शिरले. बाहेर नुसती पाठ दिसत होती. मग आतून आवाज आला, "हाय! जिता हाय! अन् कळी बी हाय!"

आम्ही असा काही गलका केला, की कोंबड्या जाळीवर चढल्या.

मालक डोक्यावर भोपळ्याचं पान घेऊन बाहेर आले. "बानाबाई, कळप उठताना तुमच्याकडं शेतकरी काय देतो?"

"दाणागोटा देतो, खण-नारळ देतो..." त्या जरा थांबल्या. "अन् ज्याचं रान खरंच सुधरलं, तो पुढल्या सालचं आवतन देतो."

"मग घ्या आवतन. पुढल्या साली तुमचा कळप माझ्याच रानात बसंल."

त्यांच्या कोंबड्यांना कळप म्हणणारं दुसरं माणूस बानाबाईंना पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच कडाडल्या, "ही सुतळी कुणी आणली रं इथं?"