पानं लाल आहेत की नाहीत?

टूरवरून घरी आले की बॅगेच्या आधी माझं तोंड उघडतं, असं माझा नवरा म्हणतो. खोटं कशाला बोलू? सव्वीस माणसं, आठ दिवस आणि एक बस. किस्से साचणार नाहीत तर काय होईल! चारधामचे वेगळे, अष्टविनायकाचे वेगळे. पण चार माणसं जमली की फर्माईश येते ती एकाच टूरची. पानांच्या टूरची.

आमचं ऑफिस ठाण्यात, नौपाड्यात. दोन टेबलं, एक फोन आणि मालक भाऊ. मी डोंबिवलीची, बावीस वर्षं टूर मॅनेजर. मध्ये एकदा मीच भाऊंच्या डोक्यात घातलं की ऑक्टोबरअखेर काश्मीरला ग्रुप काढू या. तेव्हा चिनारची पानं लाल होतात, ती बघायला. बर्फ नाही, ट्यूलिप नाही. फक्त पानं!

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "पानगळ बघायला? अहो वर्षाताई, आमच्या सोसायटीत बदाम आहे. त्याचीही लाल होऊन गळतात की. वॉचमन रोज शिव्या घालतो!"

"सव्वीस सीटा भरून दाखवते."

"दाखवा. पण परत येऊन एक जरी माणूस म्हणाला की पानं लाल नव्हती, तर टूर बंद. मग तुम्ही आणि अष्टविनायक, रिटायर होईपर्यंत!"

बाप्पावर माझी श्रद्धा आहे हो. पण तेच घाट, तेच चहाचे स्टॉप, तीच मागच्या सीटवरची उलटी, बावीस वर्षं! मी म्हटलं, "डन."

*

पहिला फोन टेंभी नाक्यावरून आला. शिंदेकाकू.

"तुमची ती पानांची टूर आहे ना, त्यात गळलेली पानं दाखवणार की गळताना?"

बावीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण टूर मॅनेजर अडकला की संपला. मी म्हटलं, "काकू, दोन्ही."

"आणि झाडावरची?"

"तीसुद्धा."

"मग लिहा माझं नाव. खिडकी द्या."

भाऊ पलीकडच्या टेबलावरून हात जोडून माझ्याकडे बघत होते.

*

बाकीच्या बऱ्याचशा सीटा मात्र एकट्या माणसाने भरल्या. नेनेकाका. डोंबिवलीचेच, वय चौऱ्याहत्तर. मानपाड्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात अडतीस वर्षं शेड जुळवायचं काम केलेलं. गिऱ्हाईकाने कापडाचा तुकडा पाठवायचा आणि तंतोतंत तोच रंग काकांनी बनवून द्यायचा. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. साडी घ्यायची, घराला रंग काढायचा, आधी काकांना दाखवायचं. त्यांनी "मी निघालोय" म्हटल्यावर अख्खा ग्रुप निघाला. एकोणीस माणसं!

मी आनंदाने म्हटलं, "काका, शेड कार्ड घेऊन येणार का मग?"

काकांनी डोळ्याखाली बोट लावलं. "कार्ड इथे आहे. लाल असेल तर लाल म्हणेन. नसेल तर नाही म्हणेन."

शेजारी मालतीकाकू, त्यांच्या मिसेस, नुसत्या हसल्या. मी पण हसले. तेव्हा मला काय माहीत, या माणसाच्या तोंडावर माझी टूर लटकणार आहे!

*

आमच्याबरोबर आचारी असतो. दाजी. राहायला कळव्याला, मूळ गाव कणकवलीजवळ. काश्मीर असो की केदारनाथ, सकाळी पोहे-उपमा दाजींच्याच हातचा. त्यांचा एक नेम आहे, अंगण झाडल्याशिवाय चूल पेटवायची नाही. आईने शिकवलेलं.

श्रीनगरच्या हॉटेलच्या आवारात तीन म्हातारे चिनार होते. खाली पानांचा हा एवढा थर! मी आदल्या संध्याकाळी ग्रुपला सांगून ठेवलेलं, सकाळी सात वाजता सगळ्यांनी नटून या, पानांच्या गालिच्यावर ग्रुप फोटो.

सात वाजता खाली आले तर आवार चकाचक! एक पान नाही. कोपऱ्यात ढीग, आणि ढिगाशेजारी झाडू घेऊन दाजी, घामाने डबडबलेले, थंडी सहा डिग्री.

"ताई, काय घाण होती ओ! हॉटेलवाले झाडतच नाहीत वाटतं. मी म्हटलं, आपली माणसं येतील फोटोला."

मी कपाळाला हात लावला. "दाजी, लोक ती घाण बघायलाच डोंबिवलीहून आलेत!"

दाजींचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. मग मी आणि दाजी दोघांनी मिळून टोपल्यांनी पानं परत पसरली. धावतपळत. दाजी तर कडेकडेने नीट ओळीत मांडायला लागले, त्यांना ओरडून थांबवलं. तेवढ्यात गळ्यात मोठा कॅमेरा घातलेला एक पाहुणा आला आणि जमिनीवर झोपून फोटो काढत बायकोला म्हणाला, "बघ, निसर्ग कसा सहज उधळतो! माणसाला जमेल का हे?"

दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, आता चूल पेटवू?"

*

त्या वर्षी दसरा नेमका टूरमध्ये आलेला. टेंभी नाक्याची देवी सोडून आलेय, म्हणून शिंदेकाकू सकाळपासून हळव्या. आपट्याची पानं श्रीनगरात कुठून आणणार? काकूंनीच तोड काढली. बागेतून पिशवीभर चिनारची पानं उचलली आणि संध्याकाळी हाउसबोटवर सगळ्यांना वाटली. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" नमस्कार, गळाभेटी, एकदम घरचं वातावरण.

हाउसबोटवाले रशीदचाचा दारात उभे. काकूंनी त्यांच्याही हातात पान ठेवलं. "चाचा, ये सोना है. हमारे में आज के दिन देते हैं."

चाचांनी पान उलटसुलट करून बघितलं, छातीशी धरलं, आदाब केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पोतं! तोंडापर्यंत चिनारची पानं भरलेलं. "बहनजी, आपका सोना. हमारी बेगम तो इसे जलाकर कोयला बनाती हैं, कांगडी के लिए. पूरी सर्दी का था. आपको ज़्यादा ज़रूरत है."

शिंदेकाकूंचे डोळे भरून आले. कांगडी म्हणजे तिथली अंगाशी धरायची निखाऱ्यांची शेगडी. थंडीभराचा शेक देऊन टाकला हो माणसाने! त्यांनी दोन पानं पर्समध्ये ठेवली आणि पोतं स्वतः उचलून चाचांच्या स्वयंपाकघरात पोचवलं.

या सगळ्यात नेनेकाका काय म्हणाले माहितेय? त्यांनी पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "सोनं म्हणून चालेल. लाल म्हणून नाही."

*

हेच चाललेलं पहिल्या दिवसापासून! विमानतळाबाहेरच्या पहिल्या चिनारखाली लोक "अय्या, काय लाल!" म्हणून ओरडले, तर काका म्हणाले, "तपकिरी." हॉटेलच्या आवारात, "विटकरी. तीही मळकी." गुलमर्गच्या रस्त्याला, "हा पिवळ्यातला प्रकार आहे, लाल नव्हे."

दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवसापासून शंका घ्यायला लागले. काका म्हणतात म्हणजे असेल बाबा! माझ्या डोळ्यांदेखत एकोणीस माणसांना लाल दिसायचं बंद झालं. एक बाई फोनवर मुलीला सांगत होती, "छान आहे गं, पण तसं लाल नाहीये."

माझी झोप उडाली. भाऊंनी छापून दिलेले फॉर्म माझ्या बॅगेत होते. त्यात मुद्दाम एक ओळ घातलेली. पानांचा रंग. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी भरायचे, आणि काका लिहितील तेच एकोणीस जण लिहिणार. मला डोळ्यांपुढे अष्टविनायकाची बस दिसायला लागली.

शेवटची सकाळ, निशात बाग. स्वच्छ ऊन. झाडं नुसती पेटलेली! आणि काका कारंज्यापाशी उभे राहून चार जणांना समजावतायत, "लाल म्हणजे काय, ते मी सांगतो..."

माझं डोकंच फिरलं. खाली पडलेलं एक पान उचललं, तरातरा गेले, मालतीकाकूंना हाताला धरून पुढे आणलं आणि पान त्यांच्या कपाळाशेजारी धरलं. "काका, हे कुंकू तरी लाल आहे ना? मग बघा, दोन्हीत फरक सांगा!"

काका वाकले. पान बघितलं, कुंकू बघितलं. अगदी शांतपणे म्हणाले, "फरक नाही. पण हेही लाल नाहीये. हिने दोन-तीन वर्षांपूर्वी कुंकू बदललं. आधीचं काय लाल होतं! हे आपलं विटकरी. मी बोललो नाही कधी. म्हटलं, हिची आवड."

"अहो," मालतीकाकू म्हणाल्या, "मी कुंकू बदललेलं नाही."

"बदललंस गं."

"लग्नापासून तेच आहे. कल्याणच्या त्याच दुकानातलं."

ते चार जण पाण्याकडे बघायला लागले. माझ्या हातातलं पान मी कुठे ठेवू, मला कळेना. असं वाटलं, कशाला गेलीस वर्षा शहाणपणा करायला! राहिलं असतं अष्टविनायक!

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत लावला, परत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मालती, हे पान कसं आहे?"

"लाल आहे."

"लाल म्हणजे कुठलं?"

अडतीस वर्षं शेड जुळवणाऱ्या माणसाची बायको ती! काकूंनी पान माझ्या हातातून घेतलं, उन्हात धरलं, फिरवलं. "डाळिंबाच्या दाण्यासारखं. कडेला जरा शेंदरी. शिरा पिवळ्या."

"आणि ते पलीकडचं झाड?"

"त्याहून गडद. चला, जवळून सांगते."

ते दोघं बागेतल्या एकेका झाडाखाली थांबत राहिले. काका विचारत होते, काकू सांगत होत्या. मी बस तासभर थांबवली. ड्रायव्हर दोनदा हॉर्न मारून गेला, त्याला गप्प केलं.

संध्याकाळी फॉर्म भरून आले. नेनेकाकांचा मी सगळ्यात शेवटी उघडला. त्यांचं मोत्यासारखं अक्षर.

पानांचा रंग: लाल. कडेला शेंदरी.

तपासणी: सौ. मालती नेने.